मानाची भिंत

सिस्टरचा ठोसा त्या माणसाच्या नाकापासून चार बोटांवर थांबला.

तिनं स्वतःच तालमीत सगळ्यांसमोर हे सांगितलं. रुग्णालयातली पाळी संपवून ती बसथांब्यावर उभी होती. तो मागून आला आणि त्यानं पर्सला हात घातला. ती वळली, पवित्रा घेतला, श्वास सोडला, ठोसा मारला. मनगट ताठ, खांदा खाली, सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि शिकवल्याप्रमाणेच हात वाटेत थांबला. माणूस क्षणभर दचकला. मग हसला, तिचं मनगट धरून पिरगळलं आणि पर्स घेऊन निघाला.

"पळालासुद्धा नाही," सिस्टर म्हणाली. प्लास्टरमधला हात तिनं मांडीवर जपून ठेवला होता. "चालत गेला."

मग थोरल्या शिष्यानं घसा खाकरला. पवित्र्यात उभा राहिला की ढकलूनही हलत नसे, म्हणून त्याला सगळे खांब म्हणत.

"मन कच्चं राहिलं," खांब म्हणाला. "हात पक्का होता, मन कच्चं. ज्याला वार थांबवता येतो त्याला मारता येतोच. हेच तर आपल्या विद्येचं मर्म."

"मला थांबवायचा नव्हता हो," सिस्टर म्हणाली. "तो आपला आपण थांबला."

वस्ताद कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते कळलं नाही.

त्यांची मुलगी हे दाराशी उभी राहून ऐकत होती. तालमीत तिला सगळे ताई म्हणत. ती त्याच रुग्णालयात कानाच्या विभागात लोकांना ऐकू किती येतं ते तपासायची. आणि सिस्टरला तालमीत आणलं होतं तिनंच. 'तुम्ही रात्रीबेरात्री घरी जाता, चार हात यायला हवेत,' असं म्हणून तिनं सिस्टरला आणि तिच्यामागून वॉर्डातल्या आणखी काही जणींना वर्गात बसवलं होतं.

पुढच्या रविवारी वस्ताद निवृत्त होणार होते. गुडघे गेले होते. जागा ताईला मिळायची होती, आणि ती मिळण्याची एक रीत होती. नव्या वस्तादानं मानाच्या भिंतीसमोर उभं राहून साखळी म्हणायची. मी हा हात, पवित्र्यांची आणि वारांची ही मालिका, कोणाकडून घेतला, त्यानं कोणाकडून, त्याच्या गुरूनं कोणाकडून. जुन्या वस्तादांनी ऐकून एकच शब्द म्हणायचा: 'खरं.' मग कमरपट्टा बांधायचा. 'खरं' आलं नाही तर पट्टा थोरल्या शिष्याकडे जायचा. साखळी तशी लांब नव्हती. मी वडिलांकडून, वडिलांनी डोंगरावरच्या गुरूंकडून, आणि गुरूंना ही विद्या धुक्यात एकट्यानं शत्रूंशी लढताना सापडली. ताईला ती लहानपणापासून पाठ होती. पाढ्यांसारखी. पाढे खरे की खोटे असं कोण विचारतं?

आता तिला विचारावंसं वाटू लागलं.

*

मानाची भिंत म्हणजे तालमीची समोरची भिंत. तिच्यावर एका ट्यूबखेरीज काही नव्हतं, चित्र नाही, शस्त्र नाही. पण तिला पाठ दाखवायची नाही असा दंडक होता. सगळा हात असा बांधलेला होता की करणाऱ्याची छाती सतत त्या भिंतीकडे किंवा फार तर तिरकी राहायची. गुरू तिथून बघतात असं सांगितलं जाई.

मंगळवारी त्या भिंतीवरची ट्यूब गेली. ताई स्टुलावर चढून ती बदलत होती आणि मागे वर्ग चालू होता. ट्यूब बसवून ती वळली, आणि पहिल्यांदाच तिनं तो हात भिंतीच्या बाजूनं पाहिला.

वर्ग 'कानोसा' या जागेवर आला होता. हाताच्या मध्यावर हा एक थांबा होता. पाय रोवायचे, हनुवटी डाव्या खांद्याकडे न्यायची, उजवा कान पुढे करायचा, क्षणभर थांबायचं आणि मग पुढचा वार. गुरू धुक्यात शत्रूची चाहूल घ्यायचे, त्याची ही आठवण. कानोसा चुकला तर खांब परीक्षेत नापास करत असे.

स्टुलावरून ताईला दिसलं ते असं: सगळ्या वर्गानं एकदम तिच्याकडे उजवा कान केला होता.

ही मान ती रोज बघत होती. तिच्या खोलीत येणारा, डाव्या कानानं अजिबात ऐकू न येणारा माणूस असाच बसतो. दोन्ही कान चांगले असलेला माणूस आवाजाकडे तोंड वळवतो. कान वळवतो तो ज्याचा एकच कान चालतो तो. धुक्यात शत्रू शोधणारा माणूस डोळे समोरून काढून खांद्याकडे कशाला नेईल? आणि चाहूल भिंतीच्याच बाजूनं, प्रत्येक वेळी?

"ताई, उतरा की," कोणीतरी म्हणालं. "आम्हाला वाटलं नवे गुरू प्रकटले."

सगळे हसले. खांब हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता.

*

"बाबा, डोंगरावरच्या गुरूंना एका कानानं ऐकू यायचं नाही का?" तिनं जेवताना विचारलं.

वस्तादांचा घास हातात राहिला. "हे काय नवीन?"

"सहज."

"तुला सगळी दुनिया बहिरीच दिसते. मागे दूधवाल्याला सुद्धा तपासायला नेणार होतीस."

"त्याला खरंच कमी ऐकू येतं. गुरू डोंगरावर नक्की कुठं राहायचे?"

"वर."

"डोंगर कुठला?"

"उंच होता." ते हसले. मग म्हणाले, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, म्हणतात ना, उगाच नाही म्हणत."

"मला रविवारी तेच सांगायचं आहे. कूळ."

"पाठ आहे ना? मग झालं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. अर्धं जेवण तसंच होतं. तिनं त्यांचे कान मागच्याच वर्षी तपासले होते. वयाच्या मानानं दोन्ही उत्तम. म्हणजे कानोसा त्यांच्या मानेतून आलेला नव्हता. तो त्यांनी कोणाचा तरी उचलला होता, त्यामागचं कारण न उचलता. घरात डाव्या कानानं न ऐकणारं एकच माणूस होतं. ते म्हणजे आत्या. लहानपणी ताप कानात गेला होता तिच्या. कुठंही बसताना ती सगळ्यांच्या डाव्या टोकाला बसायची, म्हणजे सगळे तिच्या उजव्या कानाला यायचे. आणि आत्या तालमीत कधी म्हणजे कधीच आली नव्हती. का, हे कोणी विचारलं नव्हतं.

*

आत्यानं दार साखळी न काढता उघडलं. फटीतून तिचा एक डोळा दिसला.

"तुला कोणी पाठवलं?"

"मी आपली आले, आत्या. कोण पाठवणार?"

"तो उंच गडी येऊन गेला महिन्यापूर्वी. गोड बोलत होता. म्हणाला, तालमीचा इतिहास लिहायचाय. मी म्हटलं, लिही बाबा."

"खांब? काय सांगितलंस त्याला?"

"त्यानं विचारलं ते." तिनं साखळी काढली. "ये. चपला आत घे, जिन्यात ठेवल्या की जातात."

स्वयंपाकघरात आत्या ताईच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसली. तिच्यासमोर लसणाचा ढीग होता. ती सोलत राहिली. ताईनं सिस्टरची हकिकत सांगितली. थांबलेल्या ठोशापाशी आल्यावर आत्याचे हात थांबले.

"मोडलं का मनगट?"

"हो."

"बिचारी." आत्यानं एक पाकळी उगाच दोनदा पुसली. "तुझ्या बापाला सांगितलं होतं मी."

"काय?"

आत्या उठली. टेबल भिंतीला लावलं, पदर खोचला. त्या अरुंद जागेत, फ्रिज आणि ओटा यांच्या मधे, तिनं हात करायला सुरुवात केली. वय झालेली बाई, पाऊल लहान पडत होतं, पण वडिलांच्या हातात जे जे तुटक होतं ते इथं सलग होतं. कानोसा आला. हनुवटी डाव्या खांद्याकडे, उजवा कान पुढे. आणि या वेळी आत्या खरंच काहीतरी ऐकत होती. ओठ किंचित हलले.

"काय म्हणालीस?"

"माझं वाक्य. 'ये, अजून कोण उरलंय?'"

"कसलं वाक्य?"

"नाटकातलं, वेडे." आत्या धापा टाकत खुर्चीवर बसली. "तुझे आजोबा नाटक कंपनीत मारामाऱ्या बसवायचे. राजकन्या तलवार पडल्यावर नुसत्या हातांनी सगळ्यांना लोळवते, तो प्रवेश. राजकन्या मी. मधे माझं वाक्य असायचं आणि ते मला कधी आठवायचं नाही. प्रॉम्प्टर पुढच्या कडेला खाली बसायचा. त्याच्याकडे चांगला कान करावा लागे. आजोबा ओरडायचे, मान वळवू नको, वाईट दिसतं. मग म्हणाले, असू दे, आता बरंच वाटतंय."

"आणि मानाची भिंत?"

"कुठली भिंत? पाठ करून उभं राहिलं तर लोकांना काय दिसणार? समोर प्रेक्षक असतात."

पुढच्या प्रश्नाचं उत्तर ताईला कळलं होतं, तरी तिनं विचारलं.

"आणि वार चार बोटांवर का थांबतो?"

"मग काय खरोखर मारायचं? रोज प्रयोग असे. समोरच्याला लागलं तर दुसऱ्या दिवशी सैनिक कुठून आणायचा?" आत्या हसली, आणि मग तिला सिस्टर आठवली असावी. हसू तिथंच विझलं. "आजोबा मला तासन्‌तास भिंतीपुढं उभं करायचे. बोटं टेकली की पाठीत धपाटा. थांबणं अंगात मुरलं पाहिजे, म्हणायचे. तुझ्या बापाला मी शिकवला, कंपनी बंद पडल्यावर. पोरगा भेदरट होता. म्हटलं, छाती काढून उभा राहील तरी. राहिला. मग एक दिवस कळलं, ह्यानं शिष्य जमवलेत आणि मी डोंगर झालेय."

"तू बोलली का नाहीस?"

"बोलले. म्हटलं, अरे, ह्यानं माणूस पडत नाही. तो म्हणाला, पडावं लागत नाही, ताठ उभं राहिलं की कोणी अंगावर येत नाही. बरीच वर्षं खरंही ठरलं ते." तिनं पुन्हा लसूण हातात घेतला. "आजोबांनी कुठून आणलं विचारू नकोस. मला ठाऊक नाही. कोणी म्हणे गोदीतल्या एका हमालाकडून, कोणी म्हणे तेही नाटकच. त्यांना विचारलं की विषय बदलायचे."

ताई जिना उतरताना विचार करत होती. आत्याचा शब्द तिनं तसाच घेतला नव्हता. घरातल्या माणसाचा राग फार वर्षं टिकतो आणि त्यातून गोष्टी तयार होतात. पण भिंत, कान, थांबलेला वार, तिन्हींना एकच कारण पुरत होतं. डोंगराच्या गोष्टीला प्रत्येकासाठी वेगळं कारण शोधावं लागत होतं.

*

खांब तिला रुग्णालयाच्या फाटकाशी भेटला. सहज उभा असल्यासारखा.

"आत्याबाई बऱ्या आहेत ना?"

"माझ्या मागावर होतास?"

"काळजीपोटी हो." त्यानं आवाज खाली आणला. "हे बघा ताई, मलाही माहीत आहे, तुम्हालाही. वस्तादांची अब्रू आपल्या दोघांच्या हातात आहे. तुम्ही रविवारी म्हणा, नोकरीमुळे जमणार नाही. पट्टा माझ्याकडे येईल. गुरू डोंगरावर सुखात राहतील."

"आणि मी साखळी म्हटली तर?"

"डोंगराची म्हटलीत तर मी आत्याबाईंना तालमीत आणीन. इतिहासासाठी. त्या खोटं बोलणार नाहीत."

"तू तर सिस्टरला म्हणालास, मन कच्चं."

"मग काय म्हणायला हवं होतं?" तो खरोखरच विचारत होता. "माझं अर्धं आयुष्य त्या भिंतीपुढं गेलंय. मी लोकांना सांगू, मी राजकन्येचा पार्ट करतोय?"

तिला त्याची क्षणभर दया आली. मग तिला वॉर्डातल्या बाकीच्या जणी आठवल्या. प्रत्येकीच्या अंगात ते थांबणं मुरत चाललं होतं, आणि तिनंच त्यांना तिथं नेलं होतं.

"रविवारी ये," ती म्हणाली.

"नक्की काय म्हणणार आहात?"

ती रस्ता ओलांडून गेली.

*

रविवारी तालीम भरली होती. वस्ताद भिंतीच्या बाजूला खुर्चीवर, मांडीवर घडी केलेला पट्टा. सिस्टर मागे, प्लास्टर झोळीत. खांब पहिल्या रांगेत हात बांधून. त्याचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. गरज पडली तर आत्याला आणायला बाहेर गाडी उभी असावी.

ताई भिंतीसमोर उभी राहिली. मग तिनं भिंतीकडे पाठ केली.

रांगांतून कुजबुज उठली. "अहो ताई, भिंत..."

"मी हा हात वडिलांकडून घेतला," ती म्हणाली. "वडिलांनी आपल्या बहिणीकडून. बहिणीनं माझ्या आजोबांकडून. आजोबा नाटकात मारामाऱ्या बसवायचे. त्यांनी कुठून घेतला ते मला ठाऊक नाही. हा हात समोरच्याला लागू नये म्हणून बसवलेला आहे. ज्या कोणी तो स्वतःला वाचवण्यासाठी शिकल्या, त्यांनी आजपासून त्याच्यावर विसंबू नये. एवढंच मला खात्रीनं सांगता येतं."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सगळे वस्तादांकडे बघू लागले. ते पट्ट्याची घडी उलगडत होते, पुन्हा घालत होते. ताईला वाटलं, ते बोलणार नाहीत. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. पट्टा खांबाकडे गेला असता, डोंगर जागेवर राहिला असता, आणि ती खोटी ठरली असती.

"खरं," वस्ताद म्हणाले.

खांब उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीसारखा भरदार होता. "वस्तादांचं वय झालंय. मुलीनं घोकून घेतलंय त्यांच्याकडून. पट्टा घरात राहावा म्हणून लोक काय काय करतात! एवढी वर्षं डोंगर आणि आज नाटक? मी गुरूंना मानतो. ज्यांना मानायचं आहे त्यांनी माझ्याबरोबर या."

ताईनं हे धरलंच नव्हतं. वस्तादांनी कबूल केलं की प्रश्न मिटेल, असा तिचा हिशेब होता. पण लोक एकमेकांकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत जो संशय होता तो डोंगराबद्दल नव्हता. तो तिच्याबद्दल होता. एकेक जण उठला. जाताना काहींनी वस्तादांना वाकून नमस्कार केला. आजारी माणसाला करतात तसा, लगबगीनं. वॉर्डातल्या एकीनं ताईला विचारलं, "पण मग तुम्ही आम्हाला आणलंत कशाला?" आणि उत्तराला न थांबता तीही खांबाच्या मागून गेली.

सिस्टर बसूनच होती. तालीम जवळजवळ रिकामी झाल्यावर ती वस्तादांसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाटकाचं ठाऊक होतं."

"वार लागत नाही, ते?"

वस्तादांनी तिच्या प्लास्टरकडे पाहिलं. "लागत नाही, असं कधी धरलं नाही मी. धरायची वेळच आली नाही. माझ्यावर कोणी हात टाकला नाही, बाई."

"माझ्यावर टाकला."

"हो."

सिस्टर खांबाच्या दिशेनं गेली नाही. बाहेर जाऊन तिनं डाव्या हातानं, जमेल तशा, चपला घातल्या आणि निघून गेली.

वस्ताद खुर्चीचा हात धरून उठले. त्यांनी ताईच्या कमरेला पट्टा बांधला. गाठ सैल बसली. रीत पुरी झाली, ती आता या रिकाम्या तालमीची वस्ताद होती.

"बाबा, तुम्ही 'खरं' म्हणालात ते मला पट्टा मिळावा म्हणून, की खरं होतं म्हणून?"

"दोन्ही म्हटलं तर चालेल का?"

"नाही."

ते पुन्हा बसले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "तिनं तुला एवढंच सांगितलं?"

"एवढंच म्हणजे?"

"आजोबांपर्यंत. त्याच्या मागचं काही नाही?"

"म्हणाली, तिला ठाऊक नाही."

"हं." त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. सुटका की भीती, ते तिला ओळखता येईना. "मग राहू दे."

ताईनं तालमीचं दार आतून लावलं. सगळ्यांनी उठताना सरकवलेल्या सतरंज्यांपैकी एक ओढून ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"राहू दे नाही," ती म्हणाली. "सांगा. उद्या कोणी विचारलं तर उत्तर मला द्यायचं आहे."